विश्लेषण : पोलादाचा सांधा कधी दगा देतो? पूल जोडणाऱ्या येवगेनी पातोन यांची कहाणी

वैनगंगेला पूर आला की साऱ्या भंडारा जिल्ह्याचे लक्ष कारध्याच्या पाणीपातळीकडे लागते. २४५.५० मीटर ही तिथली धोक्याची खूण. एका काठावर भंडारा, दुसऱ्या काठावर कारधा, मध्ये ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल आणि महामार्गाचा मोठा पूल. पुलावर भरवसा ठेवूनच इथले रोजचे येणे-जाणे चालते. अशाच एका मोठ्या नदीवर, कीव्ह शहरात, १९५३ साली पोलादाचा दीड किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला. त्यात रिव्हेटने जोडलेला सांधा नव्हता, सारे वेल्डिंगने जोडलेले होते. तो उभा करणारा अभियंता साठीच्या उंबरठ्यावर वेल्डिंगकडे वळला होता. कोणते पोलाद वेल्डिंगने जोडावे, कोणते जोडू नये आणि हे आधीच कसे ओळखावे, या प्रश्नाने येवगेनी ओस्कारोविच पातोन यांच्या आयुष्याची शेवटची २४ वर्षे व्यापली.

पातोन कोण होते?

जन्म मार्च १८७० चा, फ्रान्समधल्या नीस शहरात. वडील तिथे रशियाचे कॉन्सल होते. मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण जर्मनीत, ड्रेस्डेनला झाले. १८९४ मध्ये पदवी मिळाली. पण जर्मन पदवीवर रशियात पूल बांधता येत नव्हते, म्हणून सेंट पीटर्सबर्गच्या रेल्वे अभियांत्रिकी संस्थेत पुन्हा परीक्षा देऊन त्यांनी १८९६ मध्ये दुसरी पदवी घेतली. १९०४ पासून ते कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये पूल शिकवू लागले. त्यांची पाठ्यपुस्तके रशियन साम्राज्यात सर्वत्र वापरली जात.

ते केवळ फळ्यावर पूल काढणारे प्राध्यापक नव्हते. तिबिलिसीचा मुख्रानी पूल त्यांचा. कीव्हच्या बागेतला १९१२ चा नाजूक पादचारी पूलही त्यांचाच. कीव्हमध्ये नीपर नदीवर एक जुना साखळी पूल होता. तो १९२० च्या युद्धात माघार घेणाऱ्या पोलिश सैन्याने उडवला. त्याच जागी पातोन यांच्या आराखड्यानुसार १९२५ मध्ये नवा पूल उभा राहिला. पुढे १९४१ च्या युद्धात तोही उडवला गेला. आपण बांधलेले पाण्यात पडताना पाहणे या माणसाच्या वाट्याला आले होते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवे.

मग रिव्हेटचा जाणकार वेल्डिंगकडे का वळला?

रिव्हेटचे काम पाहिलेली पिढी आता विरळ झाली आहे. भट्टीत लालभडक केलेली खिळ्यासारखी कांडी दोन पत्र्यांच्या भोकातून आरपार घालायची आणि दुसऱ्या बाजूने ठोकून तिला डोके काढायचे. कांडी थंड होताना आकसते आणि पत्रे आवळून धरते. सांधा मजबूत होतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक भोकाने पत्रा कमजोर होतो. पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, वर जोडपट्ट्या लागतात, म्हणजे पोलाद जास्त. आणि माणसेही जास्त.

विजेच्या ज्योतीने धातू वितळवून जोडण्याची कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. बेनार्दोस आणि स्लाव्यानोव्ह या रशियन साम्राज्यातल्याच दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा पाया घातला होता. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेप दिलेला इलेक्ट्रोड आणला. आज गल्लीतला वेल्डर चिमट्यात जी कांडी धरतो, ती त्याचीच वंशज. तरीही पुलासारख्या ठिकाणी वेल्डिंगवर भरवसा ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. ते ठिगळ लावायचे साधन मानले जाई.

१९२९ मध्ये पातोन युक्रेनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. मानाचे पद मिळाले होते, वय ५९ होते, निवृत्तीची वाट धरता आली असती. त्यांनी मात्र वेल्डिंगची छोटी प्रयोगशाळा काढली. रिव्हेटच्या तुळया आणि वेल्डिंगच्या तुळया शेजारी ठेवून त्यांवर भार टाकायचा, कोण आधी मोडते ते पाहायचे, असे सरळ काम त्यांनी सुरू केले. १९३४ मध्ये त्यातून कीव्हची विद्युत वेल्डिंग संस्था उभी राहिली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

मुळात वेल्डिंगक्षमता म्हणजे काय?

इथे थोडे थांबायला हवे, कारण पातोन यांचे मोठेपण याच प्रश्नात आहे. अमुक धातू वेल्ड होतो आणि तमुक होत नाही, असे ढोबळ बोलण्याची आपल्याला सवय आहे. आंतरराष्ट्रीय व्याख्या याहून सावध आहे. कोणत्या पद्धतीने जोडणार आणि जोडलेली वस्तू कोणते काम करणार, हे सांगितल्याशिवाय वेल्डिंगक्षमतेला अर्थ नाही, असे ती मानते. सांधा अखंड हवा, त्याचे गुणधर्म कामाला पुरेसे हवेत आणि त्याने आजूबाजूच्या रचनेला इजा करता कामा नये. फाटकाच्या गजाला चालणारा सांधा पुलाच्या तुळईला चालेलच असे नाही.

दोष बहुतेक वेळा वितळलेल्या शिवणीत कमी आणि तिच्या शेजारच्या चिंचोळ्या पट्ट्यात जास्त असतो. हे समजायला लोहाराची भट्टी आठवा. लोहार फाळाचे टोक लाल करतो आणि पाण्यात बुडवतो. त्याला पाणी देणे म्हणतात. त्याने टोक कडक होते. पण पाणी जास्त बसले तर तेच टोक दगडावर आपटून काचेसारखे उडते. वेल्डिंगमध्ये पाणी कोणी देत नाही, तरी हेच घडते. शिवणीलगतचा पट्टा क्षणात लाल होतो आणि भोवतालचा जाड थंड पत्रा त्याची उष्णता तितक्याच झटक्याने ओढून घेतो. पोलादात कार्बन जास्त असेल तर तो पट्टा कडक आणि ठिसूळ बनतो. पत्रा जितका जाड, तितकी ही ओढ जोरदार.

त्यात भर पडते हायड्रोजनची. इलेक्ट्रोडचा लेप ओला असला, पत्र्यावर गंज, तेल किंवा दव असले, की ज्योतीत पाण्याचे विघटन होते आणि हायड्रोजन पोलादात शिरतो. कडक झालेला पट्टा, शिवण आकसताना बसणारा ताण आणि हा हायड्रोजन असे तिघे एकत्र आले की तडा जातो. वाईट भाग असा, की तो लगेच दिसेलच असे नाही. काम संपते, वेल्डर घरी जातो आणि तडा दुसऱ्या दिवशी उघडतो. म्हणूनच महत्त्वाच्या कामांत अशा पोलादाची तपासणी ४८ तास थांबून करण्याची पद्धत आहे. कमी हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडना भट्टीत ३०० अंश सेल्सिअसच्या वर भाजून घेतात, तेही यासाठीच. धानपट्ट्यातल्या श्रावणात उघडे पडलेले पाकीट तसेच वापरले तर पुढच्याचे नशीब.

महामार्गावरच्या दुकानात ट्रकच्या कमानीचा तुटलेला पाटा जोडून मागितला, तर अनुभवी वेल्डर मान का हलवतो, त्याचे उत्तरही हेच. तो पाटा मुद्दाम कडक केलेल्या, जास्त कार्बनच्या पोलादाचा असतो. पंपाच्या बिडाच्या बॉडीची अडचण त्याच जातीची, कारण बिडात कार्बन पोलादाच्या कित्येक पट. पितळेची तऱ्हा आणखी वेगळी. भंडारा पितळी भांड्यांसाठी जुन्या काळापासून ओळखला जातो. पितळेतले जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळू लागते, ते वाफ होऊन उडते आणि शिवण भोकाभोकांची होते. म्हणून आपल्याकडचा कासार भांडे वितळवत बसला नाही, त्याने ते झाळले.

ती आधीच कशी ओळखायची?

सर्वात सोपा हिशेब कार्बन तुल्यांकाचा. पोलादातला प्रत्येक घटक त्याला कार्बनच्या मानाने किती कडक करतो, ते एकाच आकड्यात बसवायचे. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचे प्रचलित सूत्र असे : कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग मिळवा, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग मिळवा, निकेल आणि तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवा. समजा, एका अँगलच्या पोलादात ०.२० टक्के कार्बन आणि ०.९० टक्के मँगनीज आहे. तुल्यांक आला ०.३५. हे पोलाद सहसा त्रास देत नाही. आता कमानीचा पाटा घ्या. ०.५५ कार्बन, ०.९० मँगनीज, ०.९० क्रोमियम धरले तर तुल्यांक ०.८८ वर जातो. साधारण ०.४५ च्या पुढे पोलाद आधी तापवून घ्यावे लागते, म्हणजे थंड होण्याचा झटका कमी बसतो. ०.८८ ला तर हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा.

या हिशेबात मँगनीज खलनायकासारखे दिसते, पण तो अन्याय आहे. पोलादात गंधक उरले तर ते लोखंडाशी मिळून लवकर वितळणारे संयुग बनवते आणि शिवण गोठता-गोठता, गरम असतानाच फाटते. मँगनीज त्या गंधकाला आधीच पकडून ठेवते. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींतून निघणाऱ्या काळ्या दगडाला जगभरच्या पोलाद कारखान्यांत मोल आहे, त्यामागे हे एक कारण आहे.

आकड्याने भागत नाही तेव्हा प्रत्यक्ष चाचणी. जाड पत्र्यात खाच पाडून, तो हलू नये असा आवळून, मध्ये शिवण घालतात. थांबतात. मग कापून तडा किती लांब गेला ते मोजतात. जोडलेली पट्टी वाकवून पाहतात. खाच पाडलेल्या तुकड्यावर वेगवेगळ्या तापमानाला लंबकाचा हातोडा आदळवून तो मोडायला किती ऊर्जा लागली तेही मोजतात. शेवटच्या चाचणीचे महत्त्व जगाला पूल आणि जहाजे गमावल्यावर कळले.

कोणते पूल, कोणती जहाजे?

बेल्जियममध्ये हॅसेल्ट इथे अल्बर्ट कालव्यावर वेल्डिंगने जोडलेला नवा पूल होता. १४ मार्च १९३८ रोजी तो मोठा आवाज करून तडकला आणि काही मिनिटांत कालव्यात पडला. दोनच वर्षांचा होता. जानेवारी १९४० मध्ये त्याच कालव्यावरच्या आणखी दोन पुलांना असेच तडे गेले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड बंदरात ‘शेनेक्टडी’ हे नवे टँकर जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना दुभंगले.

बोट अर्थातच वेल्डिंगकडे दाखवले गेले. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी जहाजांच्या पत्र्यांचा अभ्यास करून दाखवले, की मूळ दोष पोलादात आहे. थंडीत एका तापमानाखाली ते पोलाद लवचीकपणा सोडून ठिसूळ होत होते. वेल्डिंगचा वाटा इतकाच, की त्याने सारे जहाज एकच अखंड पत्रा बनवले होते. रिव्हेटच्या जोडणीत तडा पत्र्याच्या कडेला येऊन थांबे, इथे त्याला अडवायला कडच नव्हती. जुन्या पद्धतीचा हा गुण ती मागे पडू लागल्यावरच लोकांना उमगला.

रणगाड्यांनी पातोन यांना काय शिकवले?

पातोन यांच्या संस्थेने १९४० पर्यंत यंत्राने वेल्डिंग करण्याची पद्धत तयार केली होती. दाणेदार फ्लक्सच्या ढिगाखाली ज्योत जळते, तार आपोआप पुढे सरकते, वरून ना ठिणग्या दिसतात ना उजेड. या तत्त्वाचे पेटंट अमेरिकेत १९३५ मध्येच घेतले गेले होते, त्यामुळे सारे श्रेय एकट्या कीव्हला देणाऱ्या सोव्हिएत काळच्या लिखाणावर पूर्ण विसंबू नये. पण ती पद्धत चिलखती पोलादावर चालवून दाखवण्याचे काम पातोन यांच्याच माणसांनी केले, आणि तेही बिकट परिस्थितीत.

१९४१ मध्ये जर्मन सैन्य कीव्हवर चालून आले तेव्हा संस्था उरल पर्वतरांगेतल्या निझनी तागिलला हलवण्यात आली. खारकीव्हचा रणगाड्यांचा कारखानाही तिथेच आला. टी-३४ रणगाड्याचे कवच हाताने जोडायचे तर निष्णात वेल्डर हवेत, आणि ते आघाडीवर गेलेले. यंत्राने जोडू लागले तर कवचाला तडे जाऊ लागले. कवचाच्या पोलादात कार्बन जास्त. यंत्राची प्रखर ज्योत कवचाचा मोठा भाग वितळवून शिवणीत मिसळत होती, त्यामुळे शिवणच कडक आणि फुटकी होत होती. उपाय त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. खाचेत आधीच कमी कार्बनची मऊ तार आडवी घालून ठेवायची. ज्योत ती तार वितळवते आणि कवच कमी वितळते. पोलाद तेच, यंत्र तेच, पण सांधा धरू लागला. वेल्डिंगक्षमता धातूच्या एकट्याच्या कुंडलीत लिहिलेली नसते, याचा याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

नेहमीचा फ्लक्स युद्धामुळे मिळेनासा झाला, तेव्हा उरलमधल्या झोतभट्टीच्या मळीतून पर्याय शोधला गेला. व्लादिमीर द्यात्लोव्ह या सहकाऱ्याला १९४२ मध्ये आढळले, की तार ठरावीक वेगाने सरकवली तर ज्योत आपली लांबी आपणच सांभाळते. मग यंत्रातला गुंतागुंतीचा भाग काढून टाकता आला आणि ते स्त्रियांच्या, कोवळ्या मुलांच्या हाती देता आले. शंका तरीही होत्या. अखेर एका कवचाची एक बाजू हाताने, दुसरी यंत्राने जोडून दोन्हींवर तोफगोळे डागण्यात आले. यंत्राची शिवण टिकली. पातोन यांना १९४३ मध्ये समाजवादी श्रमवीर हा किताब मिळाला. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते.

मग पूल कसा उभा राहिला?

युद्धानंतर कीव्हला परतल्यावर त्यांनी जुन्या वेडाकडे मोर्चा वळवला. नीपरवर नवा पूल व्हायचा होता. पातोन यांनी तो पूर्ण वेल्डिंगने करायचा आग्रह धरला. बेल्जियमचे पूल पडून दहा वर्षेही झाली नव्हती, त्यामुळे विरोध होणारच. विरोध करणारे मूर्ख नव्हते, हे म्हणायलाच हवे. कीव्हचा हिवाळा शून्याच्या खूप खाली जातो, आणि थंडीतच तर ते पोलाद फुटत होते.

त्यांनी पुलाच्या आराखड्याआधी पोलादाला हात घातला. कार्बन कमी, अशुद्धता कमी, थंडीत खाचेपासून तडा पळू न देणारे असे खास पुलासाठीचे पोलाद ठरवण्यात आले. सोव्हिएत प्रमाणांत ते एम-१६-एस या नावाने ओळखले जाई. मग सांध्यांची रचना अशी, की एकाच जागी शिवणींची गर्दी होऊन ताण साठू नये. मग पद्धत : होता होईल तो यंत्रानेच जोडायचे, कारखान्यातही आणि नदीवरही. उभ्या शिवणीत वितळलेला धातू ओघळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी पाण्याने थंड ठेवलेले तांब्याचे ठोकळे लावून त्याला आकारात धरण्याची युक्ती वापरली गेली. पोलाद, रचना, पद्धत हा क्रम आज अभियांत्रिकीच्या पुस्तकांत वेल्डिंगक्षमतेच्या पहिल्या प्रकरणात असतो. तेव्हा तो एका ऐंशीकडे झुकलेल्या माणसाचा हट्ट होता.

पूल १५४३ मीटर लांबीचा झाला. ५ नोव्हेंबर १९५३ रोजी तो वाहतुकीला खुला झाला. पातोन यांचे निधन १२ ऑगस्टला झाले होते. त्यांचाच पूल, त्यांचेच नाव, पण त्यावरून पलीकडे जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९९५ मध्ये अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने या पुलाचा उल्लेखनीय वेल्डेड रचना म्हणून गौरव केला. संस्थेचा कारभार मुलगा बोरिस यांनी १९५३ मध्ये हाती घेतला आणि २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही.

आपल्याकडे आज काय स्थिती आहे?

पातोन यांचा पूल होण्याच्या दहा वर्षे आधी, १९४३ मध्ये, कोलकात्याचा हावडा पूल खुला झाला. तो रिव्हेटचा. २०२५ मध्ये खुला झालेला जम्मू-काश्मीरमधला चिनाब पूल वेल्डिंगचा. कारध्यावरून पूर्वेकडे जाणारा महामार्ग पुढे भिलाईला पोहोचतो, जिथे सोव्हिएत मदतीने पन्नासच्या दशकात पोलाद कारखाना उभा राहिला. भंडाऱ्याजवळ वरठीला मोटारींच्या सुट्या भागांसाठी लागणारे मिश्र पोलाद तयार होते, ते अर्थातच पुलाच्या पोलादाहून वेगळ्या स्वभावाचे. बांधकामाच्या पोलादासाठी आयएस २०६२ हे भारतीय प्रमाण आहे. त्यातल्या ई-२५० ए या सर्वसाधारण प्रतीला कार्बन ०.२३ टक्क्यांहून आणि कार्बन तुल्यांक ०.४२ हून जास्त चालत नाही. पोलादाबरोबर कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र येते, त्यावर हा आकडा छापलेला असतो. शेड, टाकी किंवा शाळेच्या छपराच्या कैच्यांसाठी माल घेताना ते प्रमाणपत्र मागता येते. भंगारातून आलेल्या अँगलला मात्र ते नसते.